रक्ताचा नातेवाईक

११ जानेवारी १८९१, रविवार. मार्शफोर्ड

उद्या सकाळच्या गाडीनं राजधानीला निघायचं. विधानसभेची ही माझी तिसरी खेप. हॅरिएटनं ट्रंकेत लोकरीचे तीन गळपट्टे कोंबलेत. म्हटलं, अगं, मला गळा एकच आहे. म्हणाली, "भाषणं तीन गळ्यांची करता ना."

काल बँकेत बरेच जण निरोप द्यायला येऊन गेले. "वेटमोरनं सही केली म्हणजे झालं," असं या गावात म्हणतात, वडिलांच्या वेळेपासून म्हणतात. ते इथले पहिले न्यायाधीश. बँकही त्यांनीच काढली. वकिली, बँक आणि आता ही आमदारकी, तिन्हींचं भांडवल एकच आहे, आमचा शब्द. हे मी गर्वानं लिहीत नाही. खरं म्हणजे थोड्या गर्वानंच लिहितो आहे.

या अधिवेशनात माझं एकच विधेयक. गेल्या हिवाळ्यात आमच्या दफनभूमीतल्या दगडी कोठीतून दोन प्रेतं चोरीला गेली. आमच्याकडं नोव्हेंबरपासून जमीन अशी गोठते की कुदळ उसळते, म्हणून हिवाळ्यात गेलेली माणसं कोठीत वसंताची वाट पाहत पडून असतात. ती दोन चोरांनी पळवून वैद्यकीय महाविद्यालयाला विकली. त्यातली एक मिलरची मुलगी होती. तिच्या बापाचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना प्रेतं लागणारच. ती कायद्यानं मिळाली तर चोरांचा धंदा बसेल. सरकारी खर्चावर जगून मरणाऱ्या, कोणीही न्यायला न आलेल्या माणसांची प्रेतं महाविद्यालयाला द्यावीत, असं माझं विधेयक सांगतं. ज्यांना कोणी नाही त्यांचा तरी उपयोग होईल.

गुनहिल्डला भेटायला जायचं राहिलं. हॅरिएटनं दोनदा आठवण केली. फेब्रुवारीत येईन तेव्हा जाईन म्हटलं.

२० जानेवारी, राजधानी

दिवसभर कलम चार लिहीत बसलो. खरी मेख तिथंच आहे. उद्या हेच चोर "मी मेलेल्याचा मित्र" म्हणत दारात उभे राहतील, प्रेत सोडवतील आणि दुसऱ्या राज्यात विकतील. म्हणून मी लिहिलं: प्रेतावर हक्क फक्त रक्ताच्या किंवा लग्नाच्या नातेवाइकाचा. त्यानं दोन दिवसांच्या आत शपथेवर प्रतिज्ञापत्र करावं. ते नातं स्वतःच्या माहितीतलं आहे असा एक साक्षीदार हवा. तसं नसताना संस्थेच्या अधीक्षकानं प्रेत कोणाच्या हवाली केलं तर त्याला तुरुंग.

परत परत वाचलं. मुंगी शिरायला जागा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. मार्शफोर्ड

आज हॅरिएटबरोबर घसरगाडीतून गरीबघराकडं गेलो. जिल्ह्याचं गरीबघर गावापासून लांब आहे, वारा नुसता तोंडावर चाबूक मारत होता.

गुनहिल्डबद्दल इथं कधी लिहिलेलं नाही. घराच्या भिंतींबद्दल कोण लिहितं? ती नॉर्वेहून आलेली. माझ्या जन्माच्या आधीच वडिलांच्या घरी कामाला लागली होती. माझी आई नेहमी आजारी, वरच्या मजल्यावर असायची. मी नऊ वर्षांचा असताना ती गेली. मला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, ते सगळं गुनहिल्डनं. लग्न केलं नाही. मागणी घालणारे आले होते म्हणतात. वडील दोन वर्षांपूर्वी वारले आणि तिचं डोकं भरकटू लागलं. चूल पेटवून विसरायची. ऑक्टोबरात जिन्यावरून पडली. हॅरिएटची तब्येत तोळामासा, मी राजधानीला जाणार. हिवाळ्यापुरतं तिला गरीबघरात ठेवलं. तिथं शेकोटी असते, परिचारिका असते. पैसे भरायला गेलो, तर तिथं पैसे भरून कोणाला ठेवताच येत नाही. जो आत येतो तो जिल्ह्याच्या खर्चानंच राहतो. नियम चांगला आहे. जिल्ह्याचा वकील होतो तेव्हा मीच तो करून घेतला होता.

ती खिडकीशी बसली होती. मला लगेच ओळखलं.

"अल्फियस, टोपी कानांवर ओढत जा. तुझे कान लहानपणापासून नाजूक."

"मी सेहेचाळीस वर्षांचा झालो, गुनहिल्ड."

"कान तेच आहेत ना?" म्हणाली. हॅरिएट हसली, तशी तीही हसली.

मग थोडा वेळ आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. एकदम माझी बाही धरून म्हणाली, "मला त्या कोठीत फार दिवस ठेवू नका रे. टेकडीवर आमच्या चर्चच्या आवारात पुरा. तिथून घर दिसतं."

मी वचन दिलं. मनापासून दिलं.

निघताना म्हणाली, "न्यायाधीशांना जरा विचारशील का? आता तरी सांगू का म्हणावं. त्यांनी शपथ घातलीय."

"काय सांगायचंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि परत खिडकीकडं तोंड केलं. वडील जाऊन दोन वर्षं झाली, तेही आता तिच्या लक्षात राहत नाही. फार वाईट वाटलं. घरी आल्यावर हॅरिएट एवढंच म्हणाली, "तिला घरी आणू या." म्हटलं, एप्रिलात, अधिवेशन संपू दे.

१९ फेब्रुवारी, राजधानी

आज सभागृहात चर्चा. विरोधात फक्त हाल्वोर ब्रेक्के उठला. उत्तरेकडचा नॉर्वेजियन शेतकरी, कोट नेहमी एका बाजूला ओघळलेला, पण मुद्दा सोडत नाही.

"सन्माननीय सदस्यांना विचारतो," म्हणाला, "माझ्याकडं एक म्हातारा गडी आहे. माझ्या बापाबरोबर त्यानं जंगल तोडलं. त्याला या देशात कोणी नाही. उद्या मी कर्जात बुडालो, तो गरीबघरात गेला आणि मेला. मी न्यायला आलो तर मला काय म्हणणार?"

"कायदा नाही म्हणणार," मी म्हणालो.

"का?"

"कारण माया शपथेवर सिद्ध करता येत नाही, रक्त सिद्ध करता येतं. कायद्याला सिद्ध होईल तेवढंच दिसतं."

बाकं वाजली. ब्रेक्के उभाच होता. "मग कायद्याला चष्मा लावा," म्हणाला. त्यावर हशा पिकला, पण मतं माझ्याकडं पडली. साठावर.

६ मार्च

राज्यपालांनी सही केली. आजच्या राजपत्रात छापून आलं, म्हणजे कायदा आजपासून लागू. सहीची लेखणी मला भेट दिली. महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी जेवण दिलं, बर्फातून आणलेली कालवं होती, पोट थोडं बिघडलं आहे. मिलरला पत्र लिहिलं की यापुढं कोणाच्या मुलीला असं होणार नाही. आज झोप चांगली लागेल.

१६ मार्च, सोमवार

दुपारी सभागृहात तार हाती पडली. हॅरिएटची. "गुनहिल्ड आज पहाटे गेली. ताबडतोब या. ते तिला नेणार आहेत."

कोण नेणार आहे, हे समजायला मला दोन-तीनदा वाचावं लागलं.

गाडीत बसून लिहितो आहे. अक्षर हलतंय.

१७ मार्च, मंगळवार. मार्शफोर्ड

हॅरिएट स्टेशनवर उभी होती. घरी न जाता सरळ गरीबघरात गेलो. अधीक्षक प्रूइट पायऱ्यांवरच भेटला. सज्जन माणूस आहे, त्याची नेमणूक माझ्याच शिफारशीवर झाली.

"वकीलसाहेब, मी कालच महाविद्यालयाला तार केली. कायद्यात तसंच म्हटलंय, मृत्यू झाल्याबरोबर कळवावं. त्यांचा माणूस उद्या दुपारच्या गाडीनं येतोय."

"प्रूइट, ती आमच्या घरची आहे."

"तुमच्या घरी कामाला होत्या, साहेब. मला माहीत आहे. त्यांचे हाल होऊ दिले नाहीत मी. पण इथं लिहिलंय," आणि त्यानं खिशातून कायद्याची छापील प्रत काढली, चार घड्या घातलेली, "रक्ताचा किंवा लग्नाचा. नाहीतर मला तुरुंग. मला तीन लेकरं आहेत. कायदा तुमचाच आहे. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

तो बरोबर होता. प्रत्येक शब्द बरोबर होता.

प्राचार्यांना तार केली. तासाभरात उत्तर आलं, फार अदबीचं. त्यांची काही हरकत नाही, फक्त नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र नोंदवावं, कारण कलम चार अतिशय काटेकोर लिहिलेलं आहे. खाली अभिनंदन परत एकदा.

जेवणाच्या टेबलाशी हॅरिएटनं घास उचलला नाही.

"मी शपथ घेते," म्हणाली. "भाची म्हणून."

"तुझे आईवडील कनेटिकटचे. कोण मानेल?"

"मग तुम्ही घ्या."

"कोण म्हणून?"

"मुलगा म्हणून."

म्हटलं, मी गेली वीस वर्षं लोकांकडून शपथा घेतो. खोट्या शपथेसाठी माणसं तुरुंगात पाठवली आहेत. लोक आमच्या बँकेत पैसे ठेवतात ते तिजोरीकडं बघून नाही. माझं एक खोटं उघडं पडलं, की सकाळी दारात रांग लागेल आणि संध्याकाळी दाराला कुलूप.

"अहो, तिनं तुम्हाला वाढवलं," ती म्हणाली.

"म्हणून मी तिचा मुलगा होत नाही."

ती उठून गेली. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, ती टेबलावरून अशी कधी उठली नव्हती. मी बसून राहिलो आणि डोळ्यांपुढं महाविद्यालयाचं ते संगमरवरी टेबल आलं. जेवणाच्या दिवशी प्राचार्यांनी मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं. वरून उजेड पडावा म्हणून छताला काच बसवली आहे. भोवती पोरांसाठी बाकं. त्यावर गुनहिल्ड. तिनं आयुष्यात अनवाणी पायही परक्याला दिसू दिला नाही.

उद्या सकाळी तिच्या चर्चमध्ये जाऊन चौकशी करीन. इतक्या माणसांत एखादा तरी चुलतमावस भाऊ असेल.

१८ मार्च, बुधवार

सगळं लिहून ठेवतो. उद्या हेच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं तर हरकत नाही.

पाद्री म्हणाले, तिचा एक भाऊ होता तो जहाजातच दगावला, बाकी कोणी नाही. तरी तोरबोर्गला विचारा. तोरबोर्ग म्हणजे गाडीवान हान्सची आई, ऐंशीची आहे, गुनहिल्डबरोबर एकाच जहाजानं आलेली. तिच्या स्वयंपाकघरात गेलो. तिनं खुर्ची पुसून दिली.

"तिला रक्ताचं कोणी आहे का?" मी विचारलं.

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्यानं विचारलं.

"ऐकलं रे मी. बहिरी नाही." मग म्हणाली, "तू झालास त्या दिवशी आंबट साईची लापशी घेऊन मी त्या घरी गेले होते. आमच्यात बाळंतिणीला नेतात. चांगलं मडकंभर, वर लोणी."

"आईसाठी?" म्हटलं. "तिला असलं आंबट चालत नसे. वाया गेली असणार."

"वाया नाही गेली. बोटानं पुसून खाल्ली. मागच्या दारानं गेले होते मी. चुलीजवळच्या खोलीत."

"आई तर वरच्या मजल्यावर होती. चार महिने खाली उतरली नव्हती, कोणाला तोंड दाखवलं नव्हतं, असं वडील सांगायचे."

"हो, वरच होत्या त्या," तोरबोर्ग म्हणाली. तिनं माझा हात हातात घेतला आणि थोपटला. "तू जा आणि काय लिहायचं ते लिही. देव काही म्हणणार नाही."

मला नातेवाईक हवा होता आणि ही मला लापशीच्या गोष्टी सांगत बसली. पण म्हातारीचे डोळे भरले होते, म्हणून ऐकून घेतलं. गुनहिल्डनंच खाल्ली असणार ती लापशी, दुसरं कोण? निदान एवढं तरी तिला मिळालं.

बाहेर आलो तेव्हा दुपारची गाडी यायला फार वेळ नव्हता. चौकात उभा राहिलो. डावीकडं बँक, समोर कोर्ट, दोन्ही इमारतींवर आमचं नाव. लोक नमस्कार करून जात होते. त्यांच्या नमस्काराला मी आज पात्र होतो, तासाभरानं नसणार होतो, एवढं कळत होतं. तरी पाय कोर्टाकडं वळले. हॅरिएटचं ऐकून नाही, त्या टेबलामुळं, त्यावरच्या छताच्या काचेमुळं.

प्रतिज्ञापत्र माझ्या हातानं लिहिलं. "मी, अल्फियस वेटमोर, मृत गुनहिल्डचा मुलगा." लेखणी अडखळली नाही, याचं नवल वाटलं. साक्षीदार कुठून आणणार? डॉक्टर पोमरॉयकडं गेलो. मी जन्मलो तेव्हा घरी तेच आले होते, वडिलांचे जिवलग मित्र. चर्चच्या कारभारी मंडळींत सगळ्यात ज्येष्ठ. मनाशी ठरवून गेलो होतो की ते हाकलून देतील, आणि तेच बरं होईल.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. हळूहळू, शेवटपर्यंत. मग लेखणी मागितली.

"डॉक्टर," मी म्हणालो, "यात साक्षीदारानं स्वतःच्या माहितीवरून शपथ घ्यायची आहे."

"वाचलं मी."

"तुम्ही चर्चचे कारभारी आहात."

"अरे, मी कोण आहे ते तू मला सांगू नकोस. आजपर्यंत खोट्या कागदावर सही केलेली नाही, आणि या वयात नवी सवय लावून घेणार नाही." सही केली. शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला. "न्यायाधीश गेले तेव्हाच तू यायला हवं होतंस," म्हणाले. "मला वाटलं, तू विचारशील."

काय विचारणार होतो मी? मी विचारलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही तो कोर्टात विचारू नये, हे मी नव्या वकिलांना शिकवतो. आणि वेळही नव्हता. एवढा देवभीरू माणूस माझ्यापायी खोटं बोलला, हे ओझं आता माझ्यावर आहे. पोरगं अडलेलं दिसलं आणि म्हाताऱ्याला राहवलं नाही.

महाविद्यालयाचा माणूस प्रूइटच्या दारात लांब पेटी घेऊन उभा होता. प्रूइटनं कागद वाचला. माझ्याकडं पाहिलं, सहीकडं पाहिलं, टोपी काढली.

"माफ करा, वकीलसाहेब. मला कल्पना नव्हती."

पेटी रिकामी परत गेली. गुनहिल्डला कोठीत ठेवलं. आत उभं राहवेना इतका गारठा. तिच्या अंगावर माझा कोट घातला. हॅरिएटनं अडवलं नाही, स्वतःचा गळपट्टा काढून मला बांधला.

२६ मार्च, राजधानी

आज दुरुस्ती मांडली. कलम चारमध्ये "किंवा मृताला आपलं मानणारी कोणतीही व्यक्ती" असे शब्द घालावेत.

ब्रेक्के उठला. मी मान खाली घातली, म्हटलं आता झोडपणार. तो म्हणाला, "सन्माननीय सदस्य मागं म्हणाले होते, माया सिद्ध करता येत नाही."

"मी चुकलो होतो," म्हणालो.

"एवढंच ऐकायचं होतं," म्हणून तो खाली बसला आणि दुरुस्तीच्या बाजूनं हात वर केला. ती मंजूर झाली. मग सभापतींच्या दालनात जाऊन राजीनामा दिला. खोटी शपथ घेतलेल्या माणसानं कायदे करू नयेत. कारण मात्र लिहिलं नाही. आधी ते आमच्या सरकारी वकिलाला सांगायचं.

६ एप्रिल, मार्शफोर्ड

सरकारी वकील तरुण टाउनसेंड, माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला सगळं सांगितलं. माझ्यावर खटला भर म्हटलं. तो बिचारा पांढरा पडला. पण मी शिकवलेलं विसरला नाही, आठ दिवस मागितले. आज त्यानं बोलावलं.

"सर, शपथ खोटी होती हे मला सिद्ध करावं लागेल."

"सोपं आहे. कुटुंबाच्या बायबलमध्ये वडिलांच्या हातची नोंद आहे. अल्फियस, मुलगा, क्लॅरिसाच्या पोटी."

"नोंद झाली. पण त्या वेळचा एक तरी जिवंत माणूस हवा, जो म्हणेल की तुम्ही गुनहिल्डचा मुलगा नाही. डॉक्टर पोमरॉयकडं गेलो. दार लावून घेतलं. तोरबोर्गबाई म्हणाल्या, लाज नाही वाटत? चर्चच्या माळ्याला विचारलं. गिरणीच्या म्हाताऱ्या मालकांना विचारलं. साठीच्या वरच्या प्रत्येकाला विचारलं, सर. एकही माणूस म्हणायला तयार नाही."

"सगळे माझ्यासाठी खोटं बोलायला तयार आहेत," मी म्हणालो. मला हे गाव एवढं मानतं हे ठाऊक नव्हतं. "या मायेला मी पात्र नाही, टाउनसेंड."

तो कागद सारखे करत राहिला. मग म्हणाला, "सर, खटला उभा राहत नाही. घरी जा."

बँकेतही कोणी पैसे काढायला आलं नाही. मी रोज दार उघडताना रांगेची तयारी ठेवतो. काही म्हातारी माणसं येतात, काउंटरशी काही काम नसताना उभी राहतात, हात मिळवतात, जातात.

हॅरिएटला टाउनसेंडचं सांगितलं. ती विणत होती. सुया थांबल्या. "अल्फियस," म्हणाली, नुसतं नावानं, असं ती सहसा म्हणत नाही. मी म्हटलं, काय? तिनं सुया परत चालवल्या. मग म्हणाली, "काही नाही. जेवायला बसा."

२५ एप्रिल, शनिवार

गोठलेली जमीन सुटली. आज तिला टेकडीवर पुरलं, चर्चच्या आवारात, घर दिसतं तिथं.

चाळीस-पन्नास माणसं आली होती, घरकाम करणाऱ्या बाईसाठी. पाद्रींनी विचारलं, घरचं माणूस कोण, पहिली माती त्याची. मी शपथेनं बांधलेला होतो, पुढं झालो. तेवढ्यासाठीच पुढं झालो. पण मूठ उघडेना. मी सगळ्यांदेखत रडलो, वडिलांच्या वेळी रडलो नव्हतो तसा. खोट्या नात्यासाठी कोणी एवढं रडतं का, कळत नाही. डॉक्टर पोमरॉय शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझी मूठ उघडली.

तिला त्या गरीबघरात ठेवायला नको होतं. हिवाळ्यापुरतंही नको होतं. एप्रिलात घरी आणणार होतो. एप्रिलच आहे.

३० मे, शनिवार

दर वर्षी आजच्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन थडग्यांवर जातं. आम्हीही गेलो. गुनहिल्डचा दगड बसला आहे. पाथरवट ओलाफला मी नाव आणि साल एवढंच सांगितलं होतं. त्यानं खाली एक ओळ जास्तीची कोरली आहे: "अल्फियसची आई".

मी ओलाफला गाठलं. "हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही साहेब."

"मग?"

"माझ्या आईनं सांगितलं," म्हणाला. "पैसे नकोत त्या ओळीचे."

पुसून टाकायला सांगणार होतो. खोटं कागदावर एकदा लिहिलं, ते दगडावर कशाला? हॅरिएट म्हणाली, "राहू द्या. प्रतिज्ञापत्राशी जुळतं." कायद्याच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं. राहू दिलं.

ती फुलं ठेवून फाटकाकडं गेली. मी मागं थांबलो. मला आठवेना की मी कधी कोणाला आई म्हणून हाक मारली. वरच्या मजल्यावर "मॅडम" म्हणायची शिस्त होती आणि खाली नुसतं "गुनहिल्ड". टोपी काढली. आवारात दुसरं कोणी नव्हतं. एकदा म्हणून पाहिलं, हळू. तोंडाला शब्द परका वाटेल असं वाटलं होतं. वाटला नाही. मग जरा मोठ्यानं म्हटलं.

हॅरिएटनं फाटकातून हाक मारली तरी मी तिथंच उभा होतो.